दिंडोशीचा शिधा

दुष्काळ हा शब्द कानी पडला म्हणजे महाराष्ट्रीय माणसाच्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन उभी राहते. कोरडी विहीर, हाडे निघालेले बैल आणि भर उन्हात खडी फोडीत बसलेली माणसे उभी राहतात. या चित्रात मुंबई कोठेच नसते. मुंबई हे दुष्काळातून पळून येण्याचे ठिकाण, दुष्काळ सोसण्याचे नव्हे, अशी सर्वांची समजूत आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ती पक्की झालेली आहे. या समजुतीला धक्का द्यावा असे एक स्थळ मुंबईच्याच उपनगरात आहे. त्याचे नाव दिंडोशी.

गोरेगाव आणि मालाड या दोन स्थानकांच्या पूर्वेस पश्चिम द्रुतगती मार्ग ओलांडला की जमीन चढू लागते. एका अंगाला आरेचे रान, दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय उद्यानाची झाडी आणि मध्ये टेकड्या, असा हा प्रदेश आहे. १९५७ साली तो बृहन्मुंबईच्या हद्दीत आला. त्यापूर्वी साष्टी बेटातील इतर खेड्यांसारखाच हाही खेड्यांचा मुलूख होता. आता चौकात काचेच्या भिंतींचे मोठे बाजारगृह आहे, न्यायालय आहे, बसचे आगार आहे, डोक्यावरून जाणाऱ्या मेट्रोचे स्थानकही आहे. नागरी निवारा परिषदेची मोठी वसाहत याच टेकड्यांवर आहे. थोडे पुढे गेले की चित्रनगरी लागते, जेथे एका दिवसात राजवाडा उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी मोडला जातो. उत्तरेस कुरार, अप्पापाडा, पिंपरीपाडा या दाट वस्त्या डोंगर चढत गेल्या आहेत; आणि रानाच्या पोटात अजून वारली लोकांचे पाडे आहेत. एका तासाच्या पायपिटीत इतक्या प्रकारची माणसे आणि इतक्या प्रकारच्या चुली पाहावयास मिळतील असे दुसरे ठिकाण मुंबईत शोधूनच काढावे लागेल.

पाऊस येथे सरासरी ऐंशी-नव्वद इंच पडतो. तेव्हा आभाळाने पाठ फिरविल्यामुळे दिंडोशीत उपासमार झाली असे कोणी म्हणू शकणार नाही. उपासमार आली ती भर चैत्रात, एका रात्रीत, आणि आकाशवाणी-दूरदर्शनवरून पूर्वसूचना देऊन आली. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून ती अमलात आली. चित्रनगरीतील कामे तर त्याआधीच, १९ मार्चपासून, थांबली होती. पडद्यावर ज्यांची नावे ठळक अक्षरांत झळकतात त्यांची गोष्ट वेगळी. परंतु दिवे उचलणारे, पट्ट्या ठोकणारे, चहा देणारे, गर्दीच्या प्रसंगात गर्दी होऊन उभे राहणारे, अशा माणसांना मजुरी कामाच्या दिवसाची मिळते. काम बंद म्हणजे मजुरी बंद.

अशा एखाद्या घराची कल्पना करून पाहावी. टेकडीच्या उतारावर दहा बाय बाराची खोली. नवरा इमारतीच्या कामावर गिलाव्याचा मजूर, बायको दोन घरची धुणीभांडी करणारी, दोन मुले आणि गावाहून आलेली सासू. घरात पिठाचा डबा आठवड्याचा असतो, तेलाची पिशवी चार दिवसांची. मीठ-मिरची तेवढी महिन्याची. साठवणीला जागा नाही आणि साठविण्याइतके पैसे एका वेळी हाती येत नाहीत. सुशिक्षित गृहस्थ महिन्याचा किराणा भरतो म्हणून त्याला दाणा स्वस्त पडतो. रोजंदारीचा माणूस रोज पावशेर-अर्धा शेर घेतो म्हणून त्याला तोच दाणा महाग पडतो. गरिबीचा हा कर कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात पिठाचा डबा संपला. दुसऱ्या आठवड्यात वाण्याची उधारी संपली. तिसऱ्या आठवड्यात शेजारणीचीही. घरकामाच्या बाईला इमारतीच्या फाटकातून आत सोडीत नव्हते. कित्येक मालकिणींनी पगार घरी पाठविला, हेही सांगितले पाहिजे. आणि कित्येकींनी पाठविला नाही.

आता दुसरे चित्र पाहावे. दिंडोशीहून उत्तरेस दोन-अडीच कोसांवर, बोरीवलीच्या पूर्वेस, भारतीय अन्न महामंडळाची गोदामे आहेत. त्या वसंत ऋतूत देशाची धान्याची कोठारे भरून वाहत होती. १ एप्रिल रोजी सरकारच्या मध्यवर्ती साठ्यात किती धान्य असावे याचे प्रमाण ठरलेले आहे: सुमारे २१० लाख टन. २०२० च्या १ एप्रिलला गहू आणि तांदूळ मिळून त्याच्या दुपटीहूनही अधिक धान्य साठ्यात होते, आणि रब्बीचा गहू अजून बाजारात यावयाचा होता. म्हणजे देशात धान्य होते, मुंबईत धान्य होते, दिंडोशीच्या शिवेपासून दोन कोसांवर धान्य होते. आणि टेकडीवरच्या खोलीत नव्हते. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवून दिले की माणसे उपाशी मरतात ती धान्य नसते म्हणूनच असे नव्हे. धान्यावर त्यांचा काही दावा उरत नाही म्हणूनही मरतात. हा सिद्धांत समजून घेण्यास दिंडोशीच्या माणसाला पुस्तक उघडण्याची गरज पडली नाही.

पण सरकारी दुकान होते ना, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. होते. त्या दुकानाची कुळकथा मुंबईकरांनी जाणून घेण्यासारखी आहे, कारण ते दुकान मुंबईचेच अपत्य आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी मुंबई शहर मोठ्या प्रमाणावर ब्रह्मदेशाचा तांदूळ खात असे. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि तो तांदूळ बंद झाला. भाव चढू लागले, दुकानांपुढे रांगा लागू लागल्या, माल दडू लागला. अशा वेळी, २ मे १९४३ रोजी, मुंबई शहरात धान्याचे रेशनिंग सुरू झाले. हिंदुस्थानातील मोठ्या शहरांत ते पहिलेच. नागरी पुरवठ्याचे काम पाहणारे सनदी अधिकारी ए. डी. गोरवाला यांचे नाव त्या व्यवस्थेशी कायमचे जोडले गेलेले आहे. घरोघर मोजणी झाली, माणशी पत्रके दिली गेली, दुकाने नेमली गेली, आणि गिरणगावातल्या जॉबरला व मलबार हिलवरच्या शेठजींना एकाच मापाने धान्य मिळू लागले. निदान कागदावर तरी. तांदळात खडे होते, गव्हाला वास येत असे, आणि त्या काळच्या विनोदी लेखकांना रेशनच्या दुकानाने वर्षानुवर्षे विषय पुरविला. असो. मुंबईत कोणी भुकेने रस्त्यावर पडून मेले नाही.

त्याच वर्षी बंगालमध्ये काय झाले हे सर्वविदित आहे. तेथे दुष्काळ अधिकृतपणे जाहीरच करण्यात आला नाही, त्यामुळे दुष्काळी संहितेतील तरतुदी कागदावरच राहिल्या. कलकत्त्यातील कारखाने आणि कचेऱ्या यांच्या नोकरांसाठी धान्याची वेगळी तजवीज होती. खेड्यांतील भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर यांच्यासाठी काहीच नव्हते. ती माणसे चालत चालत शहरात आली आणि पदपथांवर मेली. कलकत्त्याचे रेशनिंग ३१ जानेवारी १९४४ रोजी सुरू झाले, मुंबईच्या मागाहून नऊ महिन्यांनी. चौकशी आयोगाने मृतांचा आकडा पंधरा लाखांच्या आसपास धरला. पुढील अभ्यासकांनी तो त्याच्या दुप्पटही मानला आहे. मुंबई इलाखा हादेखील तुटीचाच प्रांत होता. त्याच सुमारास विजापूर जिल्ह्यात दुष्काळ पडला होता, परंतु तेथे तो मान्य करण्यात आला आणि कामे काढण्यात आली. दोन्हीकडच्या परिणामांत जे अंतर पडले ते पावसाने पाडलेले नव्हते.

मुंबईचे हे १९४३ चे यंत्र पुढे मोडीत निघाले नाही. शहरात आजही शिधावाटप नियंत्रक आहेत, त्यांच्या हाताखाली शिधावाटप कार्यालये आहेत आणि दुकानावरच्या पाटीवर ‘अधिकृत शिधावाटप दुकान’ असेच लिहिलेले असते. तथापि ज्या तत्त्वावर ते उभे राहिले, म्हणजे शहरात जो राहतो त्याला शिधा, ते तत्त्व मात्र वाटेत कोठे तरी गळून पडले. १९९९ च्या महाराष्ट्र दिनापासून शिधापत्रिकांना तीन रंग आले: पिवळा, केशरी आणि पांढरा. मग २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. कायदा मोठा आहे यात शंका नाही. अन्न हा दयेचा नव्हे तर हक्काचा विषय आहे असे संसदेने त्यात मान्य केले. परंतु महाराष्ट्रातील शहरी लोकांपैकी शेकडा ४५ पर्यंतच त्याच्या छत्राखाली येतील असे प्रमाण ठरले, आणि शहरी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठरली. हा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. ५९,००० म्हणजे महिन्याला पाच हजारांहून कमी, दिवसाला सुमारे एकशे साठ रुपये. आणि तेही एका माणसाचे नव्हे, सबंध कुटुंबाचे. दिंडोशीच्या टेकडीवर एका खोलीचे भाडे एवढ्यात भागत असेल की नाही, याची शंका आहे. गिलाव्याचा मजूर आणि धुणीभांडी करणारी बाई यांचे प्रामाणिक उत्पन्न लिहिले तर ते कुटुंब ‘गरीब’ ठरत नाही. म्हणून उत्पन्नाच्या रकान्यात लोक जे लिहितात ते लिहितात, आणि कारकून जे मान्य करतो ते मान्य करतो.

शिधापत्रिकेचे दुसरेही एक आयुष्य आहे, आणि दिंडोशीत ते पहिल्याहून अधिक मोलाचे ठरले. मुंबईत झोपडीवाल्याजवळ जमिनीचा कागद नसतो. १९७६ च्या आरंभी झोपड्यांची मोजणी झाली आणि फोटोपास देण्यात आले. पुढे १ जानेवारी १९९५ ही तारीख आली. नंतर आणखी तारखा आल्या. त्या त्या तारखेपूर्वी आपण येथे राहत होतो हे सिद्ध करण्याची पाळी जेव्हा जेव्हा आली, तेव्हा तेव्हा बायकांनी पत्र्याच्या पेटीतून जी एक वस्तू काढून दाखविली ती शिधापत्रिका होती. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील झोपड्या हटविण्याचा हुकूम उच्च न्यायालयाने १९९७ साली दिला आणि नंतरच्या वर्षांत मालाड, कुरारच्या बाजूने मोठी पाडापाडी झाली, त्या वेळी ‘कागद आहे’ आणि ‘कागद नाही’ अशा दोन जाती माणसांत पडल्या. कागद असलेल्याला कधी तरी घर मिळण्याची आशा होती. कागद नसलेला त्याच डोंगराच्या कडेला आणखी थोडा वर सरकला. अशाच कडेला, पिंपरीपाड्यात, जुलै २०१९ च्या पावसात जलाशयाच्या आवाराची भिंत कोसळून निद्रिस्त माणसे गाडली गेली.

येथवर कहाणी आली म्हणजे २०२० च्या एप्रिलमध्ये दुकानापुढच्या रांगेत काय घडले हे उलगडून सांगावे लागत नाही. अन्नसुरक्षेचा शिक्का असलेल्या पत्रिकेवर नेहमीच्या धान्याखेरीज माणशी पाच किलो मोफत धान्य मिळू लागले. साध्या केशरी पत्रिकेवर राज्य सरकारने मे आणि जून महिन्यांत आठ रुपये किलोने तीन किलो गहू व बारा रुपये किलोने दोन किलो तांदूळ माणशी दिला. ज्यांच्या पत्रिका गावी होत्या, किंवा कोठेच नव्हत्या, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची योजना १४ मे रोजी जाहीर झाली. २४ मार्चपासून १४ मेपर्यंत एक्कावन्न दिवस होतात.

हे एक्कावन्न दिवस मुंबईने खिचडीवर काढले. महापालिकेने पुड्या वाटल्या. गुरुद्वारांचे लंगर, मशिदी, देवळे, गणेशोत्सव मंडळे, कामगार संघटना आणि कोणत्याही संस्थेत नसलेली चार-सहा तरुण मुले यांनी ठिकठिकाणी भट्ट्या पेटविल्या. शिवभोजन थाळी त्याच वर्षीच्या प्रजासत्ताकदिनी सुरू झाली होती: दोन चपात्या, भाजी, वरण आणि भाताची मूद, दहा रुपयांत. मार्चअखेर तिची किंमत पाच रुपयांवर आणण्यात आली. मुंबईची ही दानत खरी आहे आणि तिच्याबद्दल हलका शब्द काढणे कृतघ्नपणाचे होईल. तरी पण अन्न वाटणाऱ्यापेक्षा अन्न घेणाऱ्याच्या बाजूने रांग कशी दिसते, हेही एकदा पाहिले पाहिजे. गाडी केव्हा येईल ठाऊक नसते. आली तर शेवटच्या माणसापर्यंत पुरेल याची खात्री नसते. डोंगरावरून मुख्य रस्त्यापर्यंत उतरावयाचे, तर वाटेत पोलिसांची काठी. दाट वस्त्यांत रोगाचा फैलाव झाला की गल्ली बांबू लावून बंद. पुडी कुटुंबास नव्हे, हजर असलेल्या हातास मिळते. म्हणून म्हातारी सासू, बाळंतीण, तापाने पडलेला माणूस यांच्या वाट्याला जे उरेल ते. तान्ह्या मुलाला मसाल्याची खिचडी चालत नाही. आणि आयुष्यात कधी कोणापुढे हात न पसरलेला गिलाव्याचा मजूर पहिले दोन दिवस रांगेतच उभा राहत नाही. त्याची छायाचित्रे काढली जातात, हा आणखी एक ताप.

परोपकाराने भूक भागते, पण ती उद्या भागेल किंवा नाही याचा घोर जात नाही. हक्काने मिळणारा शिधा निकृष्ट असला तरी त्याची तारीख ठाऊक असते. हा भेद आपल्याकडे फार पूर्वी लोकांनी ओळखला होता. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात धनकवडीस सत्यशोधक समाजाने निराश्रित मुलांसाठी अन्नाची सोय केली, सावित्रीबाई फुले जुन्नर-ओतूरच्या भागात मदतकार्यात राबल्या. तेच दिवस मुंबई इलाख्यातील आणखी एका घटनेचे आहेत. हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी खाली आणली: दिवसास एक पौंड धान्याइतकी, आणि वर काही पैसे. शिवाय कामे घरापासून लांब काढावयाची, म्हणजे खरा गरजू तेवढाच येईल, अशी त्यांची कसोटी होती. तेव्हा अर्धपोटी माणसांनी जे केले ते ऐकून आजही थक्क व्हावे. हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या खटपटीने, त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. गावोगावची माहिती गोळा करून, आकडे देऊन, अर्जावर अर्ज करून सभेने जे काम केले त्याला तोड नाही. भुकेलेला मनुष्य भीक नाकारतो आणि शहरातला शिकलेला मनुष्य त्याचा वकील होतो, असा हा प्रसंग होता. १८८० च्या दुष्काळ आयोगाने सरकारचे कर्तव्य मान्य केले आणि त्यातून पुढे दुष्काळी संहिता निघाली, तिच्या मागे अशी माणसे उभी आहेत.

त्याच परंपरेचे पुढचे पान १९७२ सालचे. त्या दुष्काळाची आठवण असलेली माणसे दिंडोशीच्या वस्त्यांत अजून भेटतील. मराठवाड्यातून, देशावरून त्या वर्षी मुंबईची वाट धरलेली कुटुंबे थोडी नव्हती. अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो, लहान मुलांना मिळणारी सुकडी, पाझर तलावाच्या कामावर डोक्यावर घेतलेली पाटी, हे त्यांच्या बोलण्यात हमखास येते. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. जगाच्या इतिहासात एवढी कामे एका वेळी फारशी कोठे चालली नसतील. त्याआधी वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे जो छोटा प्रयोग केला होता, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम मिळालेच पाहिजे, हे वाक्य हिंदुस्थानात प्रथम महाराष्ट्राने कायद्यात लिहिले.

या योजनेचा खर्च कोणी सोसला, हे मुंबईच्या नोकरदार कुटुंबांतील पुष्कळांना ठाऊक नसते, जरी ते दरमहा त्याची पावती हाती घेत आले आहेत. पगाराच्या कागदावर ‘व्यवसाय कर’ म्हणून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात. १९७५ चा हा कर रोजगार हमीसाठीच बसविण्यात आला. शहराने पगारातून द्यावे आणि खेड्याने श्रम करून घ्यावे, असा तो करार होता. तो मोडण्याजोगा नव्हे, अभिमान वाटण्याजोगा आहे. मात्र त्या करारात एक माणूस कोठेच बसला नाही. जो खेडे सोडून शहरात आला आणि शहरात ज्याला पगाराचा कागद नाही, तो. रोजगार हमी ग्रामीण होती. २००५ साली केंद्राने केलेला कायदाही ग्रामीणच होता. विसापूरचा मजूर काम मागू शकत होता. तोच मजूर दिंडोशीस येऊन राहिला की त्याचा तो हक्क कल्याण-ठाण्याच्या अलीकडे कोठे तरी गळून पडतो. २०२० च्या एप्रिलमध्ये हजारो माणसे गावाकडे चालत निघाली, त्याला आपल्या शहाण्यासुरत्या लोकांनी अविचार म्हटले. गावी निदान शिधापत्रिका होती.

दिंडोशीच्या बाबतीत एक योगायोग येथे नमूद केला पाहिजे. ज्या नागरी निवारा परिषदेच्या वसाहतीचा उल्लेख वर आला, ती मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांचे सहकारी यांच्या चिवट लढ्यातून उभी राहिली. शहरातील अतिरिक्त जमीन सामान्य माणसाच्या घरासाठी मिळाली पाहिजे, हा त्या लढ्याचा मुद्दा. याच मृणालताई १९७२ साली, अहिल्या रांगणेकर व इतर पक्षांतील स्त्रिया यांच्यासह, महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत पुढे होत्या. तेल, साखर, रॉकेल आणि धान्य यांसाठी मुंबईच्या बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, ते हे दिवस. त्या मोर्च्याची थट्टा पुष्कळांनी केली. पण त्यात एक गोष्ट होती जी पुढच्या काळात फारशी पाहावयास मिळाली नाही: चाळीतली, झोपडीतली आणि सदनिकेतली बाई एकाच दुकानाच्या रांगेत उभी होती, म्हणून ती एकाच मोर्च्यात आली. दुकानाचे धान्य वाईट निघाले तर तिन्ही घरांत त्याची चर्चा होत असे. पांढरी पत्रिका निघाली, सुशिक्षित कुटुंब रांगेतून बाहेर पडले, आणि त्याबरोबर दुकानावर नजर ठेवणारे, अर्ज लिहिणारे, तराजू तपासा म्हणणारे तोंडही बाहेर पडले. २०२० साली निवारा वसाहतीची गॅलरी आणि अप्पापाड्याचा उतार यांत अंतर थोडेच होते. एकाने दुसऱ्याला खिचडी दिली असेल, पण दोघांना एका रांगेत उभे राहण्याचे कारण उरले नव्हते.

रानातल्या पाड्यांविषयी चार शब्द सांगितल्यावाचून दिंडोशीचे चित्र पुरे होणार नाही. वारली, कातकरी आणि इतर आदिवासी या टेकड्यांत मुंबई वाढण्यापूर्वीपासून आहेत. १९४९ मध्ये आरेची दुग्ध वसाहत झाली, नंतर उद्यानाच्या हद्दी आखल्या गेल्या, चित्रनगरी झाली. पाडे होते तेथेच राहिले आणि कागदावर मात्र दुसऱ्याच्या जमिनीत गेले. पावसाळ्याच्या तोंडाला शेवळं, मग टाकळा, कुर्डू, कंटोळी, भारंगी, पुढे करांद्यासारखे कंद, अशी या रानाची स्वतःची एक शिधापत्रिका आहे आणि तिच्यावर उत्पन्नाचा रकाना नाही. पाड्यातल्या म्हातारीला ती तोंडपाठ असते. टाळेबंदी चैत्र-वैशाखात आली, जेव्हा रान कोरडे असते आणि ही भाजी उगवलेली नसते; नाही तर काही घरांना तरी तिचा टेकू मिळाला असता. रानाचे जे तुकडे सडकांना आणि इमारतींना गेले त्यांबरोबर हे कोठारही तितके आटले, याची नोंद कोणत्याही नुकसानभरपाईत होत नाही.

त्या वर्षानंतर बरेच काही सुधारले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या जून महिन्यात स्थलांतरित मजुरांसाठी कोरडा शिधा व सामुदायिक स्वयंपाकघरे चालविण्याचा आदेश दिला आणि एका राज्याची पत्रिका दुसऱ्या राज्यात चालावी, ही योजना सर्वत्र लागू करण्यास मुदत घातली. जानेवारी २०२३ पासून कायद्याखालचे पाच किलो धान्य मोफत झाले. पाच किलो म्हणजे दिवसास साडेपाच-सहा औंस. डाळ, तेल, भाजी, जळण ज्याचे त्याने पाहावयाचे. दुकानात आता वहीऐवजी यंत्र आहे आणि यंत्राला अंगठा लागतो. सिमेंट कालविणाऱ्याच्या आणि आयुष्यभर भांडी घासणारीच्या अंगठ्यावर रेषा किती उरतात, हे यंत्र बसविणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे. १३ मार्च २०२३ रोजी अप्पापाड्यात आग लागून शेकडो झोपड्या जळाल्या, तेव्हा अन्नाच्या गाड्या लवकर पोहोचल्या. २०२० च्या सवयीचा तेवढा लाभ झाला. पण भांड्याकुंड्यांबरोबर पेटीतले कागदही जळाले होते, आणि जेवणाची पंगत उठल्यावर दुसऱ्या दिवसापासून नव्या पत्रिकेच्या अर्जाची रांग सुरू झाली.

त्या अर्जाची अडचण पुढे आहे. अन्नसुरक्षेखाली महाराष्ट्राचा वाटा सात कोटी माणसांचा ठरलेला असून तो २०११ च्या खानेसुमारीवर बसविलेला आहे. २०२१ ची खानेसुमारी वेळेवर झाली नाही, म्हणून तो आकडा हलला नाही. त्यामुळे घरात मूल जन्मले, सून आली, तर त्यांचे नाव पत्रिकेवर लिहिले जाते, परंतु धान्याच्या यादीत चढण्यास जागा मोकळी व्हावी लागते. कोणी तरी मरण पावले, गाव सोडून गेले किंवा यादीतून वगळले गेले, तर ती जागा निघते. टाळेबंदीच्या उन्हाळ्यात टेकडीवरच्या खोलीत जे मूल जन्माला आले असेल, ते आता पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात असेल, आणि दुपारची खिचडी त्याला तेथे मिळत असेल. रविवारी आणि मे महिन्यात शाळा बंद असते.